पडीक नव्हे, पडीत

रविवार, तू गेल्यापासूनचा अकरावा दिवस. वेळ सकाळी आठ. जागा: मैदानावरचं पत्र्याचं शेड. हजर: रहिवासी मंडळाचे अध्यक्ष भोयर साहेब, गोतमारे भाऊ, ठवरे वहिनी, तुझी मुलगी प्रज्ञा, सचिव म्हणून मी, आणि आपल्या ले-आउट वसाहतीतले आणखी नऊ जण.

हजेरीच्या पानावर सदस्यांची नावं मी आदल्या दिवशीच लिहून ठेवते, म्हणजे सभेत फक्त सह्या घ्यायच्या राहतात. सहाव्या क्रमांकावर सवयीनं ‘शशिकला रामटेके’ लिहिलं गेलं. खोडलं नाही, शशी. पुढे काही लिहिलंही नाही. रजिस्टर हातोहात फिरलं, प्रत्येकानं सहाव्या ओळीवर क्षणभर थांबून मग आपल्या नावासमोर सही केली.

विषय एकच होता: मागच्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती. इतकी वर्षं सचिव आहे, असा विषय कधी आला नाही. ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य मी सभा सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवत असे. तुला ते माहीत होतं. त्यावरून तू मला छळायचीस.

या वेळची दुरुस्ती माझ्याच चुकीची होती. ती चूक तू सगळ्यांसमोर सांगितली होतीस आणि मी ती लिहून घेतली नव्हती. तुला यातलं बरंच माहीत आहे. तरी क्रमानं लिहिते, कारण शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत महापालिकेच्या कार्यालयात जो कागद द्यायचा आहे, त्यात यातलं अर्धंही मावणार नाही.

आपल्या ले-आउटला एक मैदान आहे. मैदानाच्या पश्चिमेला, पडक्या कंपाउंडच्या पलीकडे, थेट नाल्यापर्यंत ती जागा आहे. बाभळी, हिवर, दोन बोरी, पावसाळ्यात साचणारं डबकं, तरोटा, कुसळं. मी लग्न होऊन शहरातल्या महाल भागातून इथं आले तेव्हाही लोक तिला पडीतच म्हणायचे. पोट्टे कुठं आहेत, तर पडितात. शेळी कुठं गेली, तर पडितात. माणसाला नाव असतं तसं ते जागेचं नाव होतं. नावाचा अर्थ कोणी काढत बसत नाही. मीही बसले नाही.

मग कार्यालयाचं पत्र आलं. मैदान आणि त्याच्या लगतची नैसर्गिक मोकळी जागा यांत काय सुधारणा हव्यात, रहिवाशांची मतं घेऊन कळवा. मंडळानं काम माझ्याकडे दिलं. साहजिक होतं. हिंगण्याच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, कागद हाच माझा धंदा. एका संध्याकाळी बसून अकरा प्रश्नांचा फॉर्म केला. प्रत्येक प्रश्नासमोर चौकटी, चौकटीत खूण करायची. छापून आणला आणि पहिली प्रत तुला दिली. तू माझ्या ओट्याला टेकून वाचत होतीस. मी चहा टाकत होते.

“सातवा प्रश्न,” तू म्हणालीस. “‘पडीक जागेचा उपयोग कशासाठी व्हावा?’ हे पडीक कोण?”

“पडीतच वं. लिहिताना पडीक लिहितात.”

“काहून?”

“शुद्ध आहे म्हणून.”

“हौ का. मंग माह्यं नावही शुद्ध करून टाक एकदाचं.”

पुन्हा कागदात डोकं घातलंस. वाहनतळ, पक्का चालण्याचा मार्ग, सभागृह, व्यायामाची साधनं, इतर. बोटानं एकेक चौकट मोजलीस, कंडक्टर असताना बसमध्ये पहिल्या फेरीला माणसं मोजायचीस तशी.

“आहे तशी राहू द्या म्हणणाऱ्यानं कुठं खूण करायची?”

“इतर.”

“म्हंजे मी इतर.”

आपण हसलो. चहा घेतला. फॉर्म छापून झाले होते, एका शब्दासाठी पुन्हा छापणं मला पटलं नसतं, आणि तूही तेवढ्यावर सोडलंस. तिथं सोडायला नको होतंस असं तुला म्हणायचा मला काही अधिकार नाही. तरी मनात येतं.

फॉर्म जवळजवळ सगळे परत आले. मी चार दिवसांत तक्ता केला. मैदानाबद्दल लोकांनी नीट सांगितलं होतं: पाण्याचा निचरा, सपाटीकरण, दिवे, पिण्याच्या पाण्याचा नळ. सातव्या प्रश्नाला वाहनतळ सर्वांत वर, त्याखाली पक्का मार्ग. ‘इतर’मध्ये थोडेच होते. त्यात तुझा एक, तुझ्या तिरक्या अक्षरात: ‘पडिताले पडीत राहू द्या.’ तक्त्यात त्याचा आकडा झाला.

पुढे आराखडा आला. मैदानाचं सगळं मागितल्याप्रमाणे. पश्चिमेचा भाग करड्या रेघांनी भरलेला आणि त्यावर लिहिलेलं: ‘पडीक जागा. वाहनतळ व पक्का मार्ग. आवश्यकतेनुसार वृक्षतोड.’ हरकतींसाठी एक महिना. ज्यांनी तो नकाशा काढला त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जागा पाहिली असेल, पण वाचला माझा कागद. कागदावर लोकांनीच टाकून दिलेली जागा होती, आणि त्याच लोकांना गाड्या लावायच्या होत्या. मीही त्यांच्या खुर्चीत असते तर तेच केलं असतं.

मग ती सभा. तू मागे उभी होतीस, खांबाला पाठ लावून. तुझा आवाज, इतकी वर्षं बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचवलेला, तो शेडमध्ये मावत नसे.

“मॅडमचा फॉर्म चुकीचा आहे,” तू म्हणालीस. मॅडम तू मला फक्त चिडवायला म्हणायचीस. त्या दिवशी चिडवत नव्हतीस.

गोतमारे भाऊ वळून म्हणाले, “आता चुकीचा कसा? तुम्हीही भरला ना?”

“भरला. हॉटेलात कार्डावर भाजी-भाकर नसली तर माणूस जे आहे ते मागवते. मंग मालक म्हणते, लोकायले भाजी-भाकर आवडतच नाही.”

लोक हसले. मी हसले नाही, कारण तो मालक मी होते.

“पडीक म्हंजे टाकून दिलेली,” तू पुढे म्हणालीस. “पडीत म्हंजे राहू दिलेली. भिवापूरकडं माह्या बापाच्या गावात वावराचा एक तुकडा पडीत ठेवत. कोणी त्याले वाया गेला म्हणत नव्हतं. जमीन निजली आहे म्हणत. निजलेल्याच्या अंगावर सिमेंट टाकता का तुम्ही?”

भोयर साहेब मला म्हणाले, “माधुरीताई, लिहून घ्या.”

मी लिहिलं: ‘सदर विषयावर चर्चा झाली. आराखड्यास संमती देण्यात आली.’

का लिहिलं, हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. चार दिवस बसून केलेला तक्ता होता. गोतमारे भाऊ म्हणाले होते, ताईंनी इतकी मेहनत घेतली. लोक तुझ्या बोलण्यावर हसले होते आणि मला वाटलं, माझ्यावर हसले. कारणं देता येतील. त्यांतलं एकही रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखं नाही.

सभा सुटल्यावर तू गेटजवळ थांबलीस. “दाखव.” मी रजिस्टर उघडून दिलं. तू उभ्याउभ्या वाचलंस.

“चर्चा झाली,” तू म्हणालीस. “म्हंजे मी बोललीच नाही.”

“इतिवृत्तात सगळं शब्दशः लिहीत नसतात, शशी.”

“तू अशी काहून लिहून राहिली वं? तोंडची भाषा वेगळी, हातची वेगळी. पेन हाती आला का तू दुसरीच बाई होतेस.”

खरं होतं, म्हणून मला राग आला. मी म्हणाले, “निदान मी प्रत्येक घरी कागद दिला. तू कोणाला विचारलंस? स्वतःचं म्हणणं लोकांच्या नावानं रेटायला काय लागतं?”

तू रजिस्टर बंद करून माझ्या हातात दिलंस. निघून गेलीस. तू उत्तर न देता गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू विचारायला निघालीस.

गच्चीवर कपडे वाळत घालताना मला दिसायचीस. डोक्यावर पांढरा रुमाल, हातात शाळेची दोनशे पानी वही, पायात त्याच चपला. एका फाटकाशी पंधरा मिनिटं, एकाशी अर्धा तास. कुठं पायरीवर बसून पाणी पीत, कुठं कोणाची डाळ निवडून देत. मला समजत होतं तू काय करतेयस. मी दिलेलं उत्तर तू माझ्याच पद्धतीनं खोडत होतीस, घर न् घर. ऊन होतं. मला वाटलं खाली जाऊन सांगावं, दुपारी फिरू नको, संध्याकाळी फिर. वाटलं एवढंच. माझ्या फाटकासमोरून तू त्या दहा दिवसांत किती वेळा गेलीस, मी मोजलं नाही. एकदा थांबलीस ते मात्र पाहिलं. कडीवर हात ठेवलास. मी गच्चीच्या कठड्यापासून मागे सरले, तू वर पाहिलंस तर दिसू नये म्हणून. तू कडी सोडलीस आणि पुढच्या घरी गेलीस.

मला वाटलं, येईल. तिचं काम आहे, तिनं यावं. हे वाक्य मी आता लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं. फार वाईट वाक्य आहे.

बुधवारी प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी पहिल्या शिफ्टला होते. ती एवढंच म्हणाली, “मावशी, आई गेली.” कंपनीची बस साडेतीनला सुटते. दोन तास होते. फाटकापाशी येऊन रिक्षा करता आली असती. सुपरवायझर म्हणालाही, जा म्हणून. मी बसून सगळ्या खोक्यांवरची कार्डं तपासली, जमा, खर्च, शिल्लक, ओळीनं. दुसरं काही सुचेना. त्या दिवशीच्या नोंदींत एकही चूक नाही. नंतर पाहिलं.

डॉक्टरांना मी विचारलं, शशी. उन्हात फिरण्याचा संबंध आहे का, असं स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, नाही, हे कधीही झालं असतं. त्यांनी खरं सांगितलं असेल. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल तरी मला ते तपासता येत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना संपली, लोक खीर घेत होते. प्रज्ञानं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि वही हातात दिली.

“आईनं सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “वही भरली का माधुरीले दे. तक्ता करणं तिलेच जमते.”

मी शेवटची कोरी पानं उलटली. प्रज्ञा म्हणाली, “भरली नाही पूर्ण. पण आता कोण भरणार?”

घरी येऊन वाचली. पहिल्या पानावर तुझा प्रश्न, एकच: ‘पडितात तुम्ही काय करता?’ त्याखाली एक शब्द, दोन रेघा मारून: ‘आता.’ तुला काय हवं, असं तू कोणालाच विचारलं नव्हतंस. एकदा तू मला म्हणाली होतीस, कंडक्टर माणसाला काय पाहिजे ते विचारत नाही, कुठं जायचं ते विचारते. बाकीचं त्याचं तो जाणे. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. वही वाचताना कळलं, की अकरा प्रश्नांत मी लोकांना जे विचारायला विसरले ते तू एका प्रश्नात विचारलंस. आणि प्रत्येक प्लॉटला एक ओळ. माझ्यासारखंच.

‘प्लॉट ४. ठवरे वहिनी. भाजीले तरोटा खुडते. बहिणीलेही नेते. फॉर्मात वाहनतळ केलं होतं, नवऱ्यानं सांगितलं म्हणून.’

‘प्लॉट १२. आजी. शेण थापायला नाही, आता गॅस आहे. बसायला येते. घरात टीव्ही मोठा असते.’

‘प्लॉट १७. भोयर साहेब. टिटवीची अंडी पाहतात. भोवती दगड मांडले ते त्यायनंच. कोणाले माहीत नाही.’

‘प्लॉट २२. खो-खोवाली पोरगी. टीमच्या पोरी झुडपामागं कपडे बदलतात. मैदानावर खोली पाहिजे. हे मॅडमच्या फॉर्मात नव्हतं. सांगणे.’

‘प्लॉट २६. काही नाही करत म्हणाले. खिडकीतून दिसते म्हणाले. लिहिलं.’

असं पानामागून पान. मी दोनदा वाचली. चुका शोधत होते, खरं सांगते. एकाच माणसाचं दोनदा आलंय का, एखाद्या घराच्या तोंडी तू आपलं वाक्य घातलंस का. नाही. वाहनतळ हवाच म्हणणारे चार जण होते, तेही तू जसेच्या तसे लिहिलेत, त्यातल्या एकाची शिवीसुद्धा. लोकांच्या नावानं स्वतःचं रेटतेस असं मी तुला म्हणाले होते.

स्टोअरमध्ये खोक्यावर चुकीचं नाव लागलं, की माल आत असून सापडत नाही, आणि पुढच्या तपासणीत तो निकामी म्हणून निघतो. हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. आपल्याच जागेवर ते नाव मी माझ्या हातानं लावलं.

म्हणून रविवारची सभा. मी उभी राहिले आणि लिहून आणलेलं वाचलं. “मागच्या सभेत शशिकला रामटेके यांनी आराखड्याला हरकत घेतली होती. अध्यक्षांनी सांगूनही ती मी नोंदवली नाही. फॉर्ममधला सातवा प्रश्न चुकीचा होता. तोही मीच केलेला. दोन्हींची दुरुस्ती व्हावी.”

मग गोतमारे भाऊ म्हणाले, “ताई, बाईंचं आम्हालाही वाईट वाटते. पण भावनेच्या भरात असं...”

“भावना नाही, भाऊ. दुरुस्ती आहे.”

“संमती गेली ना वर. आता फिरवली अन् मैदानाचंही काम अडकलं तर? दिवे, निचरा, सगळंच? पोट्टे चिखलात खेळून राहिले दरवर्षी. जबाबदारी कोणाची?”

तो प्रश्न खोटा नव्हता. मी कार्यालयात जाऊन विचारून आले होते. मैदान आणि पडीत वेगळे करून हरकत देता येते, पण काम लांबणार नाही असं कोणी सांगत नाही. मी तेच सांगितलं.

“म्हंजे लांबू शकते.”

“शकतं.”

“मंग जबाबदारी?”

“माझी. लिहून घेते,” मी म्हणाले, आणि लिहिलं.

मग मी वही वाचायला लागले. चौथ्या प्लॉटला ठवरे वहिनींनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की दुसरं काही, कळलं नाही. नववा प्लॉट गोतमारे भाऊंचा. ती ओळ मी सोडून पुढे गेले. त्यांच्या लक्षात आलं.

“माह्या प्लॉटवर काय लिहिलं आहे?”

“तुम्ही वाचा,” म्हणून मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. ती ओळ मी इथंही लिहीत नाही, शशी. तिच्या शेवटी तू ‘सभेत वाचू नये, वचन दिलं’ असं लिहिलं होतंस. भाऊंनी ती बराच वेळ वाचली, इतक्या लहान ओळीसाठी जास्तच. वही मिटून परत दिली.

“बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले. मग चष्मा काढत, “पण गाड्या कुठं लावायच्या ते सांगा.”

“तो वेगळा विषय घेऊ. पुढच्या सभेत.”

“घ्याच,” ते म्हणाले. हात वर केला नाही त्यांनी, पण विरोधातही केला नाही.

सतराव्या प्लॉटला मी भोयर साहेबांकडे पाहिलं. ते चपलांकडे पाहत म्हणाले, “दगड मीच मांडले. गाय पाय देत होती.” नंतर अध्यक्षांच्या आवाजात, “दुरुस्ती मंजूर. पण ताई, वही जोडायची तर पूर्ण जोडा. तिथं पहिला प्रश्न हाच येईल, सगळे प्लॉट झाले का. एक जरी सुटला तर कोणीतरी अर्धवट म्हणून बाजूला टाकील.”

“मीच म्हणेन,” गोतमारे भाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदा सगळे हसले.

“सुटलाय एक,” मी म्हणाले.

“कोणता?”

“एकतीस.”

हसणं थांबलं. एकतीस कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं.

आज सोमवार. झालेली कामं: दुरुस्त इतिवृत्त, अध्यक्षांच्या सहीसह. हरकतीचा अर्ज, त्यात मैदानाचं काम वेगळं ठेवण्याची विनंती आणि मुलींच्या खोलीची नवी मागणी. तुझ्या वहीचा तक्ता, तीन प्रती. नवव्या प्लॉटसमोर फक्त ‘नियमित वापर’, बाकी सगळं तुझ्या शब्दांत. ‘खुडते’ ठेवलं, ‘लोकायले’ ठेवलं. शीर्षक दिलं: पडीत. टाइप करणाऱ्यानं विचारलं, पडीक ना? मी म्हणाले, जे लिहिलंय ते टाइप करा.

राहिलेलं काम: प्लॉट ३१. आकडा तू लिहून ठेवला होतास, पुढे ‘माधुरी’, पुढे कोरं.

मला वाटलं होतं, ही सगळ्यांत सोपी ओळ. माझ्या ऑपरेशननंतर मला चालायला सांगितलं होतं आणि मैदानावर लोक पाहतात म्हणून मी चालत नव्हते. वाकून, पोटावर हात धरून चालणं मला चारचौघांत जमेना. तू पहाटे साडेपाचला फाटक वाजवलंस आणि मला पडितात नेलंस. “इथं चाल,” म्हणालीस, “इथं पाहायला टिटव्याच आहेत, त्या कोणाले सांगत नाही.” बाभळीपासून नाल्यापर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी एक फेरी. मग बरं वाटूनही आपण चालत राहिलो, त्याला सहा वर्षं झाली. बहुतेक भांडणं आपण तिथंच केली आणि परतीच्या फेरीत मिटवली. शेवटचं भांडण गेटवर झालं. मग मी दहा दिवस मैदानाच्या कडेनं फिरले, पडितात पाऊल टाकलं नाही. तू टाकत होतीस की नाही, मला माहीत नाही. कोणाला विचारायचं धाडसही झालं नाही.

आता तुझा प्रश्न समोर आहे आणि त्याखालचा तो शब्द. ‘शशीसोबत चालते’ लिहिलं तर ते खोटं आहे. ‘शशीसोबत चालायची’ लिहिलं तर तो वापर बंद झालेला, आणि कार्यालयाला चालू वापर पाहिजे. तुला हे ठाऊक होतं म्हणून तर ‘आता’ लिहिलंस. आठवणी सगळ्यांकडे असतात, आठवणींवर सिमेंट टाकायला कोणाची हरकत लागत नाही.

म्हणजे ओळ खरी लिहायची तर आधी जायला हवं, एकटीनं, बाभळीपासून नाल्यापर्यंत आणि परत. मग लिहिता येईल: चालते. आज पहाटे साडेपाचला निघाले होते. पडक्या कंपाउंडपर्यंत गेले, विटेवर एक पाय ठेवला, तिथून परत आले. कामाला उशीर होईल असं स्वतःला सांगितलं. उशीर होत नव्हता.

शुक्रवारच्या आत चार पहाटा आहेत, शुक्रवार धरून. प्लॉट एकतीस: बाकी.